डरॅम कॅथीड्रल

डरॅम कॅथीड्रल : ईशान्य इंग्लंडमधील डरॅम शहरातले मध्ययुगीन चर्च. विअर नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेल्या उंच कड्यावर ते उभे असून शेजारी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांचा किल्ला आहे. दोन्ही वास्तू १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

या जागेचे महत्त्व वाढले ते लिंडिसफार्नचा बिशप व संत सेंट कथबर्ट (मृत्यू ६८७) याच्या शवपेटीमुळे. व्हायकिंगांच्या हल्ल्यांना कंटाळून लिंडिसफार्न बेटावरील भिक्षूंनी ८७५ मध्ये ती पेटी घेऊन बेट सोडले आणि बऱ्याच भटकंतीनंतर ९९५ मध्ये ते डरॅमला पोहोचले. पेटी जागची हलेनाशी झाली म्हणून ते येथे थांबले, अशी आख्यायिका आहे. कड्याची नैसर्गिक तटबंदी पाहिली, की या चमत्कारामागे थोडा व्यवहारही असावा असे वाटते.

नॉर्मन विजयानंतर बिशप विल्यम ऑफ सेंट कॅले याने जुने सॅक्सन चर्च पाडून १०९३ मध्ये नव्या बांधकामाचा प्रारंभ केला. ११०४ मध्ये कथबर्टचे अवशेष नव्या वास्तूत आणले गेले आणि ११३३ पर्यंत मुख्य काम संपले. एवढ्या मोठ्या चर्चला चाळीस वर्षे म्हणजे त्या काळी झपाट्याचेच काम. त्यामुळे आतील रचनेत एकसंधपणा आहे. प्रचंड गोल खांबांवर नागमोडी, शंकरपाळी आणि सर्पिल नक्षी खोदलेली आहे.

वास्तुकलेच्या इतिहासात मात्र डरॅमचे नाव घेतले जाते ते छतासाठी. लाकडी छताला आगीची भीती, आणि दगडी छताचे वजन भिंती बाहेर ढकलणारे. येथील गवंड्यांनी आधी कमानींच्या फासळ्या उभारल्या व त्यांच्यामधली जागा दगडाने भरली. तरी एक अडचण होती. आयताकृती खणात (खांबांच्या दोन जोड्यांमधल्या छताच्या भागात) कर्णावरची अर्धवर्तुळाकार कमान लांब, म्हणून उंचही होते; आडवी कमान तिच्यापेक्षा ठेंगणी राहते. मुख्य दालनात आडव्या कमानींना टोक देऊन ही उंची जुळवली आहे. टोकदार कमान आणि फासळ्यांचे छत ही पुढे गॉथिक शैलीची ओळख ठरली. डरॅममध्ये ती त्याआधीच्या, गोल कमानींच्या रोमनेस्क शैलीतल्या इमारतीतच एकत्र आली होती. अर्थात प्रयोग सगळेच टिकले नाहीत : वेदीकडील भागाचे पहिले छत तडकल्यामुळे तेराव्या शतकात बदलावे लागले.

बिशप ह्यू द प्युझे याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात येशूची माता मेरी हिचे उपासनागृह पूर्वेला बांधायला घेतले. पण भिंतींना तडे गेले. कथबर्टला स्त्रियांचे सान्निध्य रुचत नाही, असा भिक्षूंनी त्याचा अर्थ लावला. शेवटी ते पश्चिम टोकाला ‘गॅलिली’ या नावाने उभे राहिले. इतिहासकार बीड याची समाधी तेथे आहे. पूर्वेकडील ‘नऊ वेदींचे उपासनागृह’ १२४२ मध्ये सुरू झाले, तर मधला मनोरा पंधराव्या शतकात वीज पडल्यानंतर नव्याने बांधला.

इंग्लंड रोमच्या पोपपासून अलग झाले, त्या धर्मसुधारणेच्या काळात कथबर्टचे समाधिस्थान उद्ध्वस्त झाले व १५३९ च्या अखेरीस येथील भिक्षूंचा मठ बरखास्त झाला. १६५० मध्ये स्कॉटलंडमधील डनबारच्या लढाईत इंग्रजांनी पकडलेले हजारो स्कॉटिश सैनिक येथे कोंडण्यात आले. त्यांतले कित्येक उपासमारीने व रोगराईने मेले. अठराव्या शतकातल्या ‘दुरुस्ती’त बाहेरच्या दगडांचा पृष्ठभाग छिलून काढला गेला. गॅलिली पाडण्याचाही बेत होता, तो विरोधामुळे बारगळला.