दांड्यावर बसलेला माणूस

मे महिन्यातल्या एका रात्री, बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, भाच्यानं गच्चीवर पांढरी चादर टांगून ‘द जनरल’ लावला. १९२६ सालचा अमेरिकन मूकपट, नायक बस्टर कीटन. बघायला ब्याऐंशीची आजी, सहा वर्षांची नात आणि चिवड्याची ताटली घेऊन बसलेली मधली पिढी. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या आजीला वाचता येत नाहीत आणि नात शाळेत अजून गुजराती अक्षरं गिरवतेय. तरी एका जागी दोघी अगदी एकाच वेळी हसल्या.

ती जागा अशी. इंजिन ड्रायव्हर जॉनीला फौजेत घेत नाहीत, म्हणून त्याची प्रेयसी त्याला झिडकारते. तो खिन्न होऊन आपल्या इंजिनापाशी येतो आणि दोन मोठ्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर टेकतो. इंजिन हळूच चालू लागतं. दांडा वर जातो, खाली येतो, आणि त्याच्याबरोबर जॉनीही. मान खाली, हात मांडीवर. शेडच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याला पत्ताच नसतो.

चाक फिरतंय, मग त्यावर टेकलेला माणूस कलंडत कसा नाही? कारण तो चाकावर नाही, दांड्यावर आहे. दांड्याची दोन्ही टोकं दोन सारख्या चाकांवर, मध्यापासून सारख्याच अंतरावर अडकवलेली असतात. त्यामुळे दांडा स्वतः फिरत नाही, कायम आडवाच राहतो; मात्र त्याचा प्रत्येक बिंदू इंजिनाच्या मानानं एकेक वर्तुळ काढतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखंच: चक्र फिरतं, पाळणा सरळ राहतो. दुःखी माणसाला हलकेच पाळण्यात घातलंय, असंच ते दिसतं.

पण तो पाळणा जीवघेणा होता. चाकाच्या मध्यापासून दांडा ३० सेंटीमीटरवर अडकवलाय असं धरून गणित करू. दांडा वर्तुळाच्या माथ्यावर असताना बसलेल्या माणसाला खाली खेचणारी एकच गोष्ट असते, गुरुत्वाकर्षण. चाकाची गती साधारण सेकंदाला एक फेरा इतकी झाली, की माथ्यावर ते ओढणं कमी पडतं आणि माणूस बैठकीवरून सुटतो. दीड मीटर व्यासाच्या चाकासाठी हा वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे बऱ्यापैकी सायकल चालवणाऱ्याचा. आणि वाफेचं इंजिन जागेवरून सुटताना एक खोड करतं: वाफ जरा जास्त सोडली गेली तर रुळावरची पकड सुटून चाकं जागच्या जागी गरगरतात. तसं झालं असतं तर कीटन चाकांखाली सापडला असता. वाफेवर हात ठेवून बसलेल्या त्या अनाम ड्रायव्हरचं मला फार कौतुक वाटतं. सगळा विनोद त्याच्या मनगटात होता.

आजीला यातलं गणित नको होतं. प्रतापनगरहून डभोईला जाणाऱ्या छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन तिनं पाहिलंय. “त्या दांड्याजवळ उभं राहिलं तरी ओरडायचे,” एवढंच ती म्हणाली. नातीनं असलं इंजिन पाहिलेलं नाही, पण पडण्याचा तिला सहा वर्षांचा अनुभव आहे. कीटन टिकला तो यामुळे, असं मला वाटतं. शाब्दिक कोटी शिळी होते. तोल, घसरण, वजन यांचं शिक्षण प्रत्येकाच्या अंगाला रांगत्या वयापासून मिळालेलं असतं, आणि त्याचा अभ्यासक्रम जगभर एकच आहे.

त्याच चित्रपटात शत्रू जॉनीचं इंजिन पळवतो आणि जॉनी दुसऱ्या इंजिनानं त्याच्या मागे लागतो; तेव्हा रुळावर आडवा टाकलेला लाकडी स्लीपर तो कसा उडवतो ते पाहा. चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसून, हातातला दुसरा स्लीपर त्याच्या बाहेर आलेल्या टोकावर आपटतो. रूळ झाला टेकू, स्लीपर झाला सीसॉ. दोन्ही लाकडं बाजूला. तोफेचा प्रसंग त्याहून भारी. हादऱ्यांनी तोंड खाली आलेली तोफ थेट नायकावर रोखली जाते, पण बार उडायच्या क्षणी गाडी वळणावर वळते. गोळा वळत नाही, सरळ जाऊन पुढे शत्रूच्या गाडीजवळ फुटतो. न्यूटनचा पहिला नियम मला शाळेत इतक्या चोख कुणी शिकवला नव्हता.

चेहऱ्याचीही गोष्ट आहे. आईवडिलांच्या रंगमंचावरच्या धसमुसळ्या खेळात लहानपणी फेकला जाताना, आपण हसलो तर लोक हसत नाहीत हे कीटनला उमगलं होतं; म्हणून पडद्यावरही त्याचा चेहरा निर्विकार. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्ह यांनी १९२०च्या आसपास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाची वाटी, शवपेटी अशा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. प्रेक्षकांनी त्यात भूक पाहिली, शोक पाहिला, असं सांगतात. पुढे मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल कधी जुळला, कधी नाही. आमच्या गच्चीवर मात्र जुळला. कीटनच्या डोळ्यांत पाणी आहे, हे आजीनं छातीठोकपणे सांगितलं.

गोष्टीचा आधार खरा आहे: एप्रिल १८६२, अमेरिकेतलं यादवी युद्ध, पळवून नेलेलं इंजिन. चित्रपट गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूनं उभा राहतो, ते मला आजही खटकतं. त्याच १८६२ साली आपल्याकडे गायकवाडांची डभोई–मियागाम नॅरोगेज सुरू झाली. रूळ इतके हलके, की इंजिनाचं वजन पेलेना. सुरुवातीला गाडी बैलांनी ओढली.

वजनावरून आठवलं. शेवटी जळता पूल कोसळतो आणि अख्खं इंजिन नदीत पडतं. ओरेगनमधल्या या एका दृश्याला तेव्हा ४२,००० डॉलर लागले. भाच्यानं विचारलं, खेळण्यातलं इंजिन का नाही वापरलं? कारण डोळा फसत नाही. १० मीटरवरून पडायला जवळपास १.४ सेकंद लागतात. सोळापट लहान प्रतिकृतीत त्याचा चौथा हिस्सा. कॅमेरा चौपट वेगानं चालवून हा वेळ ताणता येतो, पण पाण्याचं काय करणार? थेंब केवढा असावा हे पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणारा ताण, ठरवतो, आणि प्रतिकृती लहान झाली म्हणून तो लहान होत नाही. खेळण्यातल्या नदीत सुपारीएवढे थेंब उडतात आणि सोंग उघडं पडतं. कीटनच्या नदीत पाणी फुटून त्याचा धुरळा होतो.

एवढं करून चित्रपट पडला, आणि कीटनचं स्वातंत्र्यही गेलं. १९२८ साली तो एका बड्या स्टुडिओचा नोकर झाला. १९८९ मध्ये अमेरिकेनं जपण्याजोग्या चित्रपटांची पहिली राष्ट्रीय यादी केली, तिच्या २५ नावांत ‘द जनरल’ होता.

नातीनं पुलाचा प्रसंग तीनदा लावायला लावला. आजीला वेगळीच काळजी. “मग ते इंजिन काढलं की नाही कुणी?”

काढलं, म्हटलं. पण लगेच नाही. वर्षानुवर्षं नदीतच पडून होतं. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज पडली तेव्हा भंगारात गेलं.

“किलोनं?” आजीनं विचारलं.