डोंगरातल्या सायकलवाटा आडव्या कशा झाल्या

डोंगरउतारावर चालवायची सायकल 1970च्या दशकात आली. तिच्यासाठी मुद्दाम आखलेली वाट यायला त्यानंतर आणखी पंधरा-वीस वर्षं लागली. तोवर सायकलस्वार दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या रस्त्यांवरून जात होते: वणवा विझवणाऱ्या गाड्यांचे कच्चे रस्ते, तोडलेलं लाकूड ओढून आणायच्या वाटा, खेचरांच्या आणि चालणाऱ्यांच्या पायवाटा. आज जंगलातली चांगली सायकलवाट डोंगराच्या अंगाला धरून आडवी, थोडी खाली, थोडी वर अशी जाते. वेगाची मजा हे त्यामागचं मूळ कारण नाही. तो आकार पावसाच्या पाण्याने ठरवला, आणि काही अंशी बंदीने.

सुरुवात थेट उताराचीच होती. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या पाइन माउंटनवरून उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी वेळ मोजून पहिली शर्यत झाली. अंतर सुमारे 3.4 किलोमीटर, उतार सुमारे 400 मीटर. सायकली जुन्या, जड, जाड टायरच्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पेडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतरणीत हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून ग्रीस नव्याने भरावं लागे. म्हणून त्या रस्त्याचं नाव ‘रिपॅक’ पडलं. 1977 मध्ये जो ब्रीझ यांनी याच कामासाठी नवी फ्रेम बनवली आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजम्पर’ सायकल कारखान्यातून बाजारात आली. गियर आणि चांगले ब्रेक मिळाल्यावर सायकल चढही चढू लागली आणि रुंद रस्ते सोडून अरुंद पायवाटांवर पोचली. भांडणं तिथे लागली.

अमेरिकेत 1964च्या वन्यप्रदेश कायद्याने राखीव भागांत यांत्रिक वाहतुकीला मनाई केली होती. वन सेवेने 1984 मध्ये नियमातच सायकलचं नाव घालून शंका मिटवली. मरीनमध्ये अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद रस्त्यांवर ताशी 15 मैलांची मर्यादा आली. 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना, म्हणजे ‘इम्बा’, स्थापन केली. सायकलमुळे वाट खराब होते या आरोपाला उत्तर द्यायचं, तर वाट खराब कशाने होते हे आधी नीट समजून घेणं भाग होतं.

जुन्या वाटांचा दोष त्यांच्या रेषेत होता. लाकूड ओढायची वाट सर्वांत जवळच्या मार्गाने, म्हणजे पाणी ज्या रेषेने उतरेल त्याच रेषेने खाली येते. पाय, खूर किंवा चाक, काहीही फिरलं की मधली माती दबते आणि सैल माती कडेला जाते. वाटेची सरी होते, कडांना वरंबे उठतात. सरीत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा नसते. ते खाली जाताना वेग घेतं आणि माती सोबत नेतं. मुळं आणि दगड उघडे पडले की स्वार बाजूने जातो, वाट रुंदावते आणि शेजारी दुसरी सरी पडते. घसरत ब्रेक मारणारं चाक हे काम लवकर करतं, यात वाद नाही. पण उभी रेषा तशीच ठेवून सायकली बंद केल्या तरी ओघळ थांबत नाही.

पूर्वी यावर उपाय म्हणून वाटेत तिरका ओंडका किंवा दगडांची ओळ बसवत. पाणी अडून बाजूला जावं ही कल्पना बरोबर होती. पण ओंडक्यामागे गाळ साचतो, तो वेळेवर उपसला नाही तर पाणी वरून वाहतं आणि ओंडक्याच्या पायथ्याशी खड्डा पडतो. शिवाय ओला ओंडका तिरक्या चाकाला निसरडा, म्हणून स्वार टोकाकडून वळसा घेतात आणि नेमकं पाणी बाहेर जायचं तोंडच तुडवतात.

हळूहळू काही आकडे रूढ झाले. पहिला निम्म्याचा नियम: वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. बाजूचा उतार 16 टक्के (म्हणजे 100 मीटर आडव्या अंतराला 16 मीटर उंची) असेल, तर वाट 8 टक्क्यांपर्यंत. त्याहून तीव्र केली तर पाणी वाट ओलांडून न जाता वाटेनेच चालू लागतं. दुसरा, एकूण सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. तिसरा, वाटेचा पृष्ठभाग दरीकडे सुमारे 5 टक्के झुकलेला. 60 सेंटिमीटर रुंदीला बाहेरची कड 3 सेंटिमीटर खाली. हा झुकाव एक-दोन हंगामांत वापराने बुजतो, म्हणून चौथा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा नियम: उतरती वाट मधूनमधून थोडी वर चढवायची आणि पुन्हा उतरवायची, साधारण दर 6 ते 15 मीटरवर. त्या खोलगट जागी पाणी बाहेर पडतंच, वरंबा उठलेला असला तरी. स्वाराला जो हेलकावा आवडतो तो मुळात निचऱ्याचा भाग आहे.

सपाट जागा म्हणूनच फसवी. बाजूला उतारच नाही, तर पाणी घालवायचं कुठे? तिथली वाट दोन पावसांत चिखलाची खाई होते. अनुभवी आखणारे सपाटी टाळून बाजूच्या उतारावर जातात, चढ क्लिनोमीटरने मोजत वाटेची रेषा दाखवणाऱ्या फिती बांधतात आणि भर पावसात पुन्हा येऊन पाणी कुठे साठतं ते बघतात.

खोदाईतही एक मोह नडतो. वरच्या अंगाची अर्धीच माती कापायची आणि ती खाली टाकून उरलेली रुंदी भरावावर करायची, यात श्रम निम्मे. पण भराव बसतो, बाहेरची कड ढासळते आणि स्वार आतल्या बाजूला सरकतात. म्हणून वाटेची पूर्ण रुंदी मूळ, न हललेल्या जमिनीत कापतात, निघालेली माती खाली दूर पसरून टाकतात, आणि वरचा कापलेला काठ उभा न ठेवता तिरका तासतात. पालापाचोळ्याचा काळा थर आधी पूर्ण काढावा लागतो. तो पाणी धरून ठेवतो आणि चाकाखाली लोण्यासारखा होतो.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. 1968च्या कंट्रीसाइड कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये सायकलींना घोडेवाटांवर जायची मुभा दिली, पायवाटांवर नाही. दुसरीकडे, पहिल्या महायुद्धातल्या लाकूडटंचाईनंतर 1919 मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट्री कमिशनकडे डोंगराळ भागात मोठी लागवड होती. सरकारी जमीन, एकच मालक. वेल्समधल्या डॉल्गेसाउजवळच्या कोएड अ ब्रेनिन जंगलात 1990च्या दशकात माउंटन बाइकसाठी मुद्दाम वाटा बांधल्या गेल्या. तिथला पाऊस पाहता नुसती माती टिकणार नव्हती, म्हणून वाटा दगडी केल्या. दगडी फरसबंदीत दगड आडवे ठेवत नाहीत. लांब बाजू जमिनीत उभी गाडतात, घट्ट बसवतात आणि फटी बारीक दगडाने ठोकून भरतात. आडवा ठेवलेला दगड चाकाखाली डुगडुगतो आणि शेवटी निघतो.

दक्षिण स्कॉटलंडमध्ये ‘सेव्हनस्टेन्स’ नावाने सात केंद्रं झाली. त्यामागे 2001च्या लाळ्या-खुरकत साथीने खचलेलं ग्रामीण अर्थकारण होतं. त्यांतल्या ग्लेनट्रेसच्या जंगलात 2023ची जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धा झाली. कॅनडात व्हँकुव्हरच्या उत्तरेला चिखल आणि मुळं ओलांडायला सीडरच्या फळ्यांचे अरुंद पूल टाकले आणि तेच पुढे कसबाचा खेळ बनले. लाकूड कुजलं की मात्र ते धोक्याचे.

गावाचं नशीब वाटेवर उभं राहू शकतं, हे टास्मानियातल्या डर्बीत दिसतं. कथिलाच्या खाणीचं हे गाव. 1929 मध्ये वरचं धरण फुटून 14 माणसं गेली, पुढे खाणही संपली. 2015 मध्ये ओल्या, नेच्यांनी भरलेल्या जंगलात सायकलवाटा खुल्या झाल्या आणि दोनच वर्षांत तिथे एंड्युरो (फक्त उतरणीच्या टप्प्यांची वेळ मोजणारी शर्यत) जागतिक मालिकेची फेरी झाली.

खासगी जमिनीवर पाया वेगळाच असतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं किंगडम ट्रेल्स हे सायकलवाटांचं जाळं 1994 पासून जमीनमालकांच्या परवानगीवर चालतं. 2019च्या अखेरीस तीन मालकांनी सायकलींना मनाई केली. वाटांमध्ये दोष नव्हता. गर्दी वाढली होती. तोडलेल्या तुकड्यांमुळे जाळं मधोमध फाटलं, आणि दोन टोकं जोडायला नव्या रेषा शोधाव्या लागल्या.