बोधात्मक विकास

बोधात्मक विकास : माणसाचे ज्ञान आणि विचार करण्याची रीत जन्मापासून पुढे कशी घडत व बदलत जाते, त्या प्रक्रियेला मानसशास्त्रात बोधात्मक विकास म्हणतात. लक्ष, स्मरण, भाषा, तर्क, संख्येची व काळाची जाण, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज असे बरेच काही तिच्यात येते. या अभ्यासाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र एकच आहे : सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसापेक्षा फक्त कमी माहीत असते, की त्याची विचार करण्याची तऱ्हाच वेगळी असते? तऱ्हाच वेगळी असते, असे ठामपणे मांडले ते स्विस संशोधक झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी. त्यांच्या मांडणीतले पुष्कळ तपशील पुढे खोडले गेले, तरी विषयाला सुरुवात अजून त्यांच्यापासूनच करावी लागते.

त्यांच्याआधी हा प्रांत तत्त्वज्ञांचा होता. मन ही कोरी पाटी असून अनुभव तिच्यावर लिहितो, हे जॉन लॉक यांचे मत. काळ, अवकाश आणि कार्यकारण यांच्या चौकटी मनाच्याच असतात व अनुभव त्यांत बसतो, हे इमान्युएल कांट यांचे. मुलांची पद्धतशीर निरीक्षणे दोन्हींमागे नव्हती. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी १८७७ मध्ये छापल्या आणि विल्यम प्रायर यांचे मुलांच्या मनावरचे जर्मन पुस्तक १८८२ मध्ये आले.

पियाजे मूळचे प्राणिशास्त्राचे. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला शाळेत असतानाच, १९०७ मध्ये, त्यांचे एका पांढऱ्या चिमणीवरचे टिपण छापून आले होते. पुढे गोगलगायींच्या वर्गावर काम करून १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पॅरिसमध्ये असताना ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या तर्कचाचण्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करण्याचे काम त्यांच्याकडे आले. काम तसे रटाळ. किती उत्तरे बरोबर आली, तेवढे मोजायचे. पियाजे यांचे लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेले. साधारण एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती आणि ‘असे का?’ विचारले की कारणेही सारखीच देत होती. चुकांना वयानुसार एक शिस्त आहे, हे त्यांना येथे दिसले. १९२१ मध्ये स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांच्या बोलावण्यावरून ते जिनिव्हाच्या झाँ-झाक रूसो संस्थेत गेले आणि उरलेले आयुष्य बहुतांशी तेथेच काढले. ज्ञान कसे वाढते हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न मुलांच्या अभ्यासातून सोडवायचा, असा त्यांचा इरादा होता. या उद्योगाला त्यांनी जननिक (म्हणजे उगम व वाढ पाहणारी) ज्ञानमीमांसा असे नाव दिले आणि १९५५ मध्ये त्यासाठी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय केंद्रही काढले.

त्यांची सर्वांत चोख निरीक्षणे घरातली आहेत. झाकलिन, ल्युसिएन आणि लोराँ या आपल्या तीन मुलांच्या नोंदी पियाजे व त्यांच्या पत्नी व्हॅलेंटाइन यांनी दिवसागणिक ठेवल्या. त्यांतली ल्युसिएनची एक नोंद पाहण्यासारखी आहे. ती तेव्हा सोळा महिन्यांची होती. वडिलांनी आगपेटीत घड्याळाची साखळी ठेवली आणि पेटी अगदी बारीक फट राहील इतकी बंद केली. पेटी उपडी करणे आणि फटीत बोट घालणे, या दोनच युक्त्या तिला ठाऊक होत्या. फटीत बोट घालूनही साखळी हाती लागेना. मग ती थांबली, फटीकडे निरखून पाहू लागली आणि स्वतःचे तोंड उघडू-मिटू लागली. आधी थोडे, मग जास्त, मग आणखी जास्त. लगेच तिने फटीत बोट अडकवून पेटी ओढली आणि साखळी काढली. भाषा नीट आलेली नसताना ‘फट मोठी करायची’ हा विचार ती तोंडाने करत होती. शरीराच्या हालचालींतूनच विचाराचे पहिले रूप तयार होते, हे पियाजे यांचे म्हणणे या एका नोंदीत जितके पटते तितके पानभर सिद्धांताने पटत नाही.

मूल जगाशी व्यवहार करते ते हातातल्या रीतींनी. पकडणे, चोखणे, आपटणे या अशाच रीती. पुढे मोजणे, वर्ग पाडणे यांचीही त्यांत भर पडते. नवी वस्तू जुन्या रीतीत बसवून घेणे म्हणजे सात्मीकरण, आणि वस्तू बसत नाही म्हणून रीतच बदलणे म्हणजे समायोजन. दोहोंचा तोल बिघडला की मूल अडते, गोंधळते आणि वरच्या पायरीवर नवा तोल साधते.

वाढीच्या चार अवस्था पियाजे यांनी मानल्या : साधारण दोन वर्षांपर्यंत वेदन-कारक (इंद्रिये व हालचाली यांतून जग कळण्याची), सातपर्यंत क्रियापूर्व (मनातल्या मनात उलटसुलट क्रिया अजून न जमण्याची), अकरा-बारापर्यंत मूर्त क्रियात्मक (प्रत्यक्ष वस्तूंबाबत अशा क्रिया जमण्याची) आणि त्यापुढे औपचारिक क्रियात्मक (निव्वळ कल्पनेवरून तर्क करण्याची). आपल्याकडच्या बी.एड.च्या पुस्तकांत पियाजे म्हणजे हा चौकोनी तक्ता, एवढेच उरले आहे. खरे तर वयाचे आकडे हा त्यांच्या सिद्धांतातला सर्वांत कच्चा भाग. त्यांना स्वतःला महत्त्व वाटे ते अवस्थांच्या क्रमाचे. वय समाजागणिक पुढेमागे होऊ शकते, हे त्यांना मान्य होते.

क्रियापूर्व अवस्थेची ओळख पटवणारा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे, मुलाकडून ‘सारखेच आहे’ असे वदवून घ्यायचे आणि त्याच्यादेखत एका पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचे. चार-पाच वर्षांचे मूल आता उंच पेल्यात जास्त पाणी आहे असे सांगते. एकाच पोळीचे चार तुकडे करून दिले की ‘मला जास्त’ म्हणून खूश होणारे मूल हेच करत असते. त्याची नजर एकाच मापावर खिळते, आणि ओतलेले पाणी परत ओतता येईल ही उलटी क्रिया त्याला मनात करता येत नाही. सात-आठ वर्षांचे मूल मात्र प्रश्नाचेच हसू यावे तसे पाहते. उत्तर त्याला आता उघड वाटते.

काळाच्या कल्पनेवरचे पियाजे यांचे पुस्तक (१९४६) एका भेटीतून निघाले. १९२८ मध्ये दाव्होस येथे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्यांना विचारले की, मुलाला आधी काळ कळतो की वेग? दोन बाहुल्या एकाच क्षणी निघाल्या आणि एकाच क्षणी थांबल्या, पण एक जास्त पुढे गेली, तर ‘पुढची जास्त वेळ चालली’ असे लहान मुले सांगतात. वेळ आणि अंतर अजून वेगळे झालेले नसतात. काळाची कल्पना मुलाला वेगाच्या आधाराने, मागाहून उभी करावी लागते.

१९७० नंतर या मांडणीला जोरदार हादरे बसले. एडिंबरोच्या मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनल्डसन यांचा आक्षेप प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर होता. पाणी ओतून मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटणार, आधीचे उत्तर चुकले असावे किंवा काहीतरी बदलले असावे. त्यांनी व जेम्स मॅकगॅरिगल यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ एका खोडकर अस्वल-बाहुल्याकडून ‘चुकून’ विस्कटवली. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी संख्या तेवढीच असल्याचे सांगितले. म्हणजे मुलाची समज मोजायला निघालेल्या प्रयोगात मुलाची भिडस्त सभ्यताही मोजली जात होती.

दुसरा हादरा तान्ह्या बाळांकडून आला. पियाजे यांच्या मते दृष्टीआड गेलेली वस्तू आठ-नऊ महिन्यांपर्यंत बाळाच्या लेखी नसल्यासारखीच असते, कारण ते झाकण उचलून शोधत नाही. रेने बेयार्जाँ यांनी १९८५ मध्ये एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅनली वॉसरमन यांच्यासोबत शोधण्याऐवजी पाहण्याचा काळ मोजला. ठोकळ्यासमोर फिरणारा पडदा ठोकळा जणू नाहीच अशा तऱ्हेने आरपार गेला, की पाच महिन्यांची बाळे त्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. कॅरेन विन यांना १९९२ मध्ये एक आणि एक मिळून दोन याबद्दलही असेच दिसले. जास्त वेळ पाहणे म्हणजे ‘कळणे’ का, हा वाद अजून मिटलेला नाही. पण हात पोचत नाही म्हणून समजही नाही, हा पियाजे यांचा ताळा आता कोणी धरत नाही.

दुसऱ्याच्या मनाची जाण हा असाच नंतर उघडलेला विषय. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांच्या १९८३ च्या प्रयोगात माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो आणि त्याची आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कोठे शोधेल? तीन वर्षांची मुले चॉकलेट आत्ता जेथे आहे ते कपाट दाखवतात. चारच्या पुढे बहुतेकांना कळू लागते की माक्सीची समजूत चुकीची असणार आणि तो त्या चुकीच्या समजुतीप्रमाणेच वागणार. खोटे बोलणे आणि लपंडावात नीट लपणे यालाही हीच जाण लागते.

पियाजे यांचे मूल बरेचसे एकटे शिकते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की (१८९६–१९३४) यांचे मूल माणसांत शिकते. खेळताना मूल स्वतःशी बडबडते. पियाजे यांना ती समोरच्याची दखल न घेणारी आत्मकेंद्री भाषा वाटली. व्हिगोत्स्की यांच्या मते लोकांशी बोलण्यातून आलेली भाषा मूल आता स्वतःला सूचना द्यायला वापरते, आणि हीच बडबड पुढे आत मुरून मूक विचार होते. काम अवघड झाले की ती वाढते, हेही त्यांनी दाखवले. मुलाला आज एकट्याने काय जमते यापेक्षा जाणत्याच्या मदतीने काय जमते हे पाहावे, हा त्यांचा आग्रह शिक्षणात रुजला. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, पण व्हिगोत्स्की क्षयाने सदतिसाव्या वर्षीच गेले. त्यांच्या टीकेला पियाजे यांचे उत्तर छापले गेले ते १९६२ मध्ये.

व्हिगोत्स्की यांचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना विचारले : दूर उत्तरेकडे, जेथे बर्फ असते, तेथे सगळी अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे, तेथली अस्वले कोणत्या रंगाची? पुष्कळांचे म्हणणे पडले की आपण तेथे गेलेलो नाही, गेलेल्याला विचारा. न पाहिलेल्याबद्दल निव्वळ शब्दांवरून निष्कर्ष काढणे ही वयाबरोबर आपोआप येणारी गोष्ट नसून बरीचशी शाळेने लावलेली सवय आहे, असे यातून दिसते. उलट बाजूही आहे. ब्राझीलमधील रेसिफे येथे फळे-भाजी विकणारी मुले गाडीवर तोंडी हिशेब अचूक करत. तीच गणिते कागदावर मांडून दिली की अडखळत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबाबतही हेच आढळले. तसेच शाळेत गणित शिकणाऱ्या मुलांना बाजारचा हिशेब जमेना. एका ठिकाणचा तर्क दुसरीकडे सहज नेता येत नाही, ही गोष्ट चार अवस्थांच्या तक्त्यात बसत नाही.

संख्यांची नावे हा मराठीपुरता जवळचा मुद्दा. चिनी भाषेत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’. केव्हिन मिलर व सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत चिनी आणि अमेरिकी मुले दहापर्यंत सारखीच मोजत होती. पुढे मात्र चिनी मुले सरस ठरली. मराठीत ‘एकवीस’ बोलताना एक आधी येतो, लिहिताना वीस. एकोणतीसमध्ये तर तिसातून एक वजा करावा लागतो. हे ओझे कमी करण्यासाठी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आणली गेली आणि मोठे वादळ उठले. गणित विषयाच्या समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर, यांनी बदलाची बाजू मांडली. विधानसभेत संख्यांच्या नव्या वाचनाची टिंगल झाली, पण मूल कोठे आणि का अडते याकडे फार थोड्यांनी पाहिले.

बालपणानंतरही हा विकास थांबत नाही, मात्र त्याचा वेग सगळीकडे सारखा राहत नाही. कपाळामागचा, आवर आणि नियोजन सांभाळणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. नव्या कोड्याशी झटपट भिडण्याची क्षमता वयाबरोबर लवकर उतरू लागते. शब्दसंग्रह आणि साठलेली जाण उतारवयापर्यंत टिकते. औपचारिक तर्क सगळ्यांना सगळ्या विषयांत येत नाही, तो ज्याच्या त्याच्या कामाच्या क्षेत्रात येतो, असे खुद्द पियाजे यांनी १९७२ मध्ये कबूल केले. शिवाय जुनी समजूत पुसली जाते असेही नाही. अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ व्हालकार्सेल यांच्या २०१२ च्या प्रयोगात, बालपणीच्या समजुतीशी न जुळणारी शास्त्रीय विधाने तपासताना शिकलेल्या प्रौढांना जास्त वेळ लागला आणि त्यांच्या चुकाही जास्त झाल्या.