दिल्ली पासिंग, दोन लाख किलोमीटर

'डिझेल ई-क्लास, रनिंग एक लाख नव्वद हजार, सेकंड ओनर, दिल्ली पासिंग, एनओसी मिळेल.' जाहिरातीतल्या अशा जुन्या गाडीची किंमत नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या आसपास, कधी तिच्याही खाली असते. फोटोत लाकडी डॅशबोर्ड आणि क्रीम रंगाच्या सीटा चकाकत असतात. मग घरातलं किंवा ऑफिसातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "मर्सिडीजचं डिझेल इंजिन आहे, पाच लाख किलोमीटर हलत नाही." हे म्हणणं खरं आहे, पण ते या गाडीच्या आजोबांबद्दलचं आहे.

आजोबांची कुंडली १९३६ पासून सुरू होते. त्या वर्षी बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजची २६० डी आली: २.६ लिटरचं इंजिन, ताकद ४५ अश्वशक्ती. गाडी सुस्त होती, पण डिझेल कमी पीत होती, म्हणून पहिल्यांदा ती टॅक्सीवाल्यांनी उचलली. पुढची चाळीस-पन्नास वर्षं डिझेल मर्सिडीज म्हणजे टॅक्सी हेच समीकरण युरोपात टिकलं. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातल्या ग्रेगोरिओस साखिनीदिस या टॅक्सीचालकाची १९७६ ची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर फिरली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात जाऊन बसली. '१२३' मालिकेच्या गाड्या १९७६ ते १९८६ या काळात सुमारे २७ लाख बनल्या. त्यातल्या कित्येक जर्मनीत निवृत्त होऊन आफ्रिकेत पुन्हा कामाला लागल्या.

त्या इंजिनांचं गुपित साधं होतं. यांत्रिक पंप, जाड लोखंडी ब्लॉक आणि कॉम्प्युटरचा पत्ता नाही. हीटर प्लग तापले, इंजिन एकदा सुरू झालं की पुढे त्याला विजेची गरजच नसे. ते बंद करायलाही वीज नव्हे, व्हॅक्यूम म्हणजे हवेची ओढ लागायची. व्हॅक्यूमची नळी कुठे गळत असेल तर चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन आपलं धडधडत राहायचं. मग बॉनेट उघडून हातानं खटका दाबायचा.

ही यंत्रणा आपल्याला परकी नव्हती. टाटांच्या टेल्कोनं १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, आणि १९६९ पर्यंत हा करार चालला. त्यामुळे 'पंप-नोझल'चं, म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल शिंपडणाऱ्या भागांचं काम हायवेवरच्या ट्रक मिस्त्रीच्या हातात बसलं. नाशकात ज्या कारखान्यामुळे चौकाला मायको सर्कल हे नाव पडलं, तो याच नोझल-इंजेक्टरांचा. १९९५ मध्ये टेल्कोच्याच भागीदारीत पिंपरीत मर्सिडीजची '१२४' मालिकेची ई-क्लास बनू लागली. त्याच वर्षी जर्मनीत तिची पुढची पिढी बाजारात आली होती. म्हणजे आपल्याला शिळी पोळी मिळाली, पण ती चांगली भाजलेली होती. तिच्यातलं अडीच लिटरचं डिझेल इंजिन पाहूनच बरेच मिस्त्री आजही आदरानं मान हलवतात.

खरी फूट पडली ती १९९७ मध्ये. अल्फा रोमिओ १५६ आणि मर्सिडीजची सी २२० सीडीआय या दोन गाड्यांतून कॉमन रेल ही नवी डिझेल यंत्रणा मोटारींत आली. सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून सुमारे १३५० बार दाबानं डिझेल पुरवायचं, आणि कुणी कधी, किती शिंपडायचं ते कॉम्प्युटरनं ठरवायचं. पुढे हा दाब २००० बारपर्यंत चढला. खडखडाट गेला, धूर गेला, ताकद दुप्पट झाली. आणि इंजेक्टर इतका नाजूक झाला की डिझेलमधलं थोडं पाणी किंवा बारीक धूळही त्याला पुरे. जुना पंप ट्रकचं डिझेल पचवायचा, याला नवं फिल्टर वेळेवरच लागतं. शिवाय इंजेक्टर बदलला की त्याचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो, म्हणून आता पान्याच्या आधी स्कॅनर बाहेर येतो.

भारतात अशा गाड्या इतक्या कशा झाल्या, याचं उत्तर पेट्रोल पंपावर आहे. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये मोकळे सोडले, डिझेल मात्र सरकारनं धरून ठेवलं. मे २०१२ च्या दरवाढीनंतर दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आत होतं. ट्रॅक्टर आणि एसटीसाठी स्वस्त ठेवलेलं डिझेल पन्नास लाखांच्या सेडानमध्येही तितक्याच प्रेमानं ओतलं जात होतं. इंधनाच्या दरांवर नेमलेल्या किरीट पारिख समितीनं २०१० मध्येच डिझेल मोटारींवर ८०,००० रुपयांचं जादा शुल्क सुचवलं होतं. ते कागदावरच राहिलं. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा पन्नास-पन्नास पैशांनी वाढत गेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं. तोवर मर्सिडीज चाकणला स्थिरावली होती, ऑडी औरंगाबादजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईला, आणि त्यांच्या बहुतेक सेडान डिझेलवर खपत होत्या.

मग दिल्लीची हवा आडवी आली. एप्रिल २०१५ मध्ये हरित लवादानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं २००० सीसी आणि त्यावरच्या नव्या डिझेल गाड्यांची तिथली नोंदणीच थांबवली. मर्सिडीजचं इंजिन २१४३ सीसीचं, ते अडकलं. बीएमडब्ल्यूचं १९९५ सीसीचं, ते पाच सीसीनं सुटलं! ही बंदी ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का उपकर लावून उठली. दहा वर्षांची अट मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये पक्की झाली. तिथला मालक नवव्या वर्षी गाडी विकायला काढतो आणि तीच पुण्या-नाशकात 'सौदा' म्हणून येते. अशा जुन्या गाड्यांना पंपावर इंधन न देण्याची जुलै २०२५ मधली दिल्लीतली बंदी काही दिवसांतच मागे पडली, ऑगस्टमध्ये न्यायालयानं कारवाईही रोखली, पण भाव पडायचा तो आधीच पडला होता. त्यात इथल्या नोंदणीचा रोड टॅक्स धरला की सौद्यातली बरीच हवा निघते.

स्वस्तात घेतलेल्या गाडीचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत, हे पहिल्याच बिलात कळतं. आणि कधी भाग चिल्लर असतो, मजुरी नोटांची असते. मर्सिडीजच्या तीन लिटर व्ही-सिक्समध्ये ऑइल कूलरचे सील दोन सिलिंडर-रांगांच्या मधोमध, अगदी तळाशी आहेत. सील अगदी स्वस्त, पण तिथवर पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ इंजिनात टायमिंग चेन मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन खडखडू लागली तर दुरुस्ती इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवूनच. २००३ च्या सुमाराच्या ई-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक ब्रेक पंप आहे. ब्रेक किती वेळा दाबला ते तो मोजत असतो आणि ठरावीक आकडा भरला की बदला म्हणून सांगतो.

आकड्याचं म्हणाल तर दोन लाखांना मी तरी बिचकत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर झालेले दोन लाख हे कोथरूडच्या सिग्नलांवर झालेल्या सत्तर हजारांपेक्षा इंजिनाला कितीतरी हलके जातात. थोडं थोडं चालवलेल्या डिझेलमध्ये काजळी साठते, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह तुंबतो, आणि ज्या गाडीत काजळीचा फिल्टर आहे तिथे काजळी जळून तो साफच होत नाही. मीटर मागे फिरवलेला असू शकतो, पण ब्रेक पेडलचं रबर आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड मागे फिरवता येत नाही.

एक जुना मिस्त्री गाडी बघायला गेला की आधी काहीच विचारत नाही. बॉनेटवर पालथा हात ठेवतो. कोमट लागलं तर म्हणतो, "तुम्ही सुरू करून ठेवलीत. उद्या सकाळी येतो, हात लावू नका." दुसऱ्या दिवशी थंड इंजिन तो स्वतः सुरू करतो, धुराचा रंग बघतो, ऑइलचं झाकण काढून त्याच तोंडावर सैल ठेवतो. झाकण नुसतं थरथरलं तर पुढे बोलतो. नाचून खाली पडलं तर हात पुसत चहा मागवतो.