मेनफ्रेमवरील नेटवर्क पत्ते आणि जोडण्या

आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मुख्यतः झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आयपी पत्ता देण्याचे काम एकाच फाइलमध्ये उरकत नाही. हार्डवेअरची व्याख्या, व्हीटॅम (जोडण्या सांभाळणारा आयबीएमचा जुना प्रोग्रॅम) आणि टीसीपी/आयपी अशा तीन जागी नोंदी कराव्या लागतात आणि त्या एकमेकींशी अक्षरशः जुळाव्या लागतात. पत्ता लिहिणे त्यातले सोपे काम. वेळ जातो तो नावे जुळवण्यात.

ही रचना अशी का, याचे उत्तर इतिहासात आहे. मेनफ्रेमचे मूळ नेटवर्क एसएनए, म्हणजे आयबीएमची स्वतःची नेटवर्क पद्धत. ते १९७४ साली आले. त्यात टर्मिनल किंवा ॲप्लिकेशन ओळखले जाई ते जास्तीत जास्त आठ अक्षरी नावाने, आणि जोडण्यांचा कारभार व्हीटॅमकडे असे. टीसीपी/आयपी नंतर आले, पण व्हीटॅम गेले नाही. नेटवर्क कार्डाशी बोलणारा थर आजही त्याच्याच ताब्यात आहे, म्हणून आधी व्हीटॅम सुरू करायचे, मग टीसीपी/आयपी.

नेटवर्क कार्डाला ओएसए म्हणतात. एचसीडी या साधनातून त्याचा चॅनेल आणि उपकरण क्रमांक ठरवले जातात. नेहमीच्या इथरनेट वापरासाठी चॅनेलचा प्रकार ओएसडी. एका जोडणीला किमान तीन उपकरणे लागतात: वाचनासाठी, लेखनासाठी आणि प्रत्यक्ष डेटासाठी. समजा १६००, १६०१ आणि १६०२. यातला वाचनाचा क्रमांक सम हवा आणि लेखनाचा त्याच्या लगेच पुढचा. व्हीटॅममधल्या टीआरएलई नोंदीत हे तीन क्रमांक आणि पोर्टचे नाव येते. टीसीपी/आयपीच्या प्रोफाइलमध्ये तेच पोर्टनाव हुबेहूब हवे. एक अक्षर चुकले तरी इंटरफेस उठत नाही, आणि पत्ता बरोबर असल्याने नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

प्रोफाइल ही साधी मजकूर फाइल. जुन्या पद्धतीत डिव्हाइस, लिंक आणि होम (स्वतःच्या आयपी पत्त्यांची यादी) अशा तीन विधानांत एक जोडणी वाटली जाई. २००८ च्या १.१० आवृत्तीपासून आयपीव्ही४ च्या ओएसए जोडणीसाठी एकच इंटरफेस विधान पुरते; पत्ता, सबनेट मास्क, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार), पोर्टनाव सगळे त्यातच. जुने प्रोफाइल हाती आले तर ते या रूपात बदलून घेणे शहाणपणाचे. स्थिर मार्ग बिगिनराउट्स आणि एंडराउट्स यांच्यामध्ये लिहितात. मार्ग आपोआप शिकायचे असतील तर ओएमपीराउट हा प्रोग्रॅम ओएसपीएफ, म्हणजे राउटरांशी मार्गांची देवघेव करणारा प्रोटोकॉल, चालवतो.

मेनफ्रेमचे खरे वेगळेपण मात्र व्हिपामध्ये, म्हणजे आभासी आयपी पत्त्यामध्ये आहे. हा पत्ता कोणत्याही कार्डाला बांधलेला नसतो, तो स्टॅकचा, म्हणजे सिस्टिमवर चालणाऱ्या टीसीपी/आयपीचा असतो. दोन ओएसए कार्डे असून एक बंद पडले, तर राउटर दुसऱ्या कार्डाकडून त्याच पत्त्यावर पोहोचतो आणि चालू जोडण्या तुटत नाहीत. गतिमान व्हिपा याच्याही पुढे जातो. सिस्प्लेक्समध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या झेड/ओएस सिस्टिमच्या गटात, ३२ पर्यंत सिस्टिम असू शकतात. एकीवर व्हिपाडिफाइन आणि दुसरीवर व्हिपाबॅकअप लिहिले, की पहिलीचा स्टॅक पडताच दुसरी तो पत्ता उचलते. पडलेल्या स्टॅकवरच्या जोडण्या अर्थात जातात, पण वापरणाऱ्याला पुन्हा जोडताना पत्ता बदलावा लागत नाही. सिस्प्लेक्स डिस्ट्रिब्यूटर तर एकाच पत्त्यावर येणाऱ्या नव्या जोडण्या अनेक सिस्टिमवर वाटून देतो.

इथे एक बारकावा हमखास नडतो. सोर्सव्हिपा, म्हणजे बाहेर जाताना कार्डाच्या पत्त्याऐवजी व्हिपा लावण्याची सोय, चालू असेल, तर बाहेर जाणाऱ्या जोडणीवर कोणता व्हिपा उमटणार हे होम यादीतल्या क्रमावर ठरते: कार्डाच्या पत्त्याच्या वर, सर्वांत जवळ असलेला स्थिर व्हिपा. यादीत ओळी नुसत्या वरखाली केल्या तरी समोरच्याच्या फायरवॉलला अनोळखी पत्ता दिसतो आणि तो जोडणी नाकारतो. इंटरफेस विधानात व्हिपाचे नाव थेट देता येत असल्याने ही भानगड उरत नाही.

एकाच यंत्रातल्या दोन एलपारना, म्हणजे यंत्राच्या स्वतंत्र सिस्टिम चालवणाऱ्या दोन भागांना, एकमेकांशी बोलायचे असेल तर कार्ड आणि केबल लागतच नाही. हायपरसॉकेट्स हे काम मेमरीतून करते. एमटीयू ५६ केबीपर्यंत जातो, आणि टीआरएलई व्हीटॅम स्वतःच बनवते.

चालू सिस्टिमवर बदल करायचा तर प्रोफाइलचा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये लिहून व्हॅरी ओबेफाइल आदेश देतात. स्टॅक थांबवावा लागत नाही, पण सोय जितकी मोठी तितकाच धोकाही. ओबेफाइलमध्ये होम विधान असेल तर ते जुन्या होम यादीत भर घालत नाही, ती अख्खी यादीच बदलते. बिगिनराउट्सचेही तसेच: एक मार्ग वाढवायला गेलेला माणूस बाकीचे सगळे स्थिर मार्ग पुसून बसतो, कधीकधी आपण स्वतः ज्या मार्गाने लॉगऑन झालो तोसुद्धा. म्हणून तुकड्यात पूर्ण यादी लिहायची, आधी आणि नंतर नेटस्टॅट आदेशाच्या होम व राउट अहवालांची तुलना करायची, आणि हार्डवेअर कन्सोल हाताशी ठेवायचा. बदल मूळ प्रोफाइलमध्येही उतरवावा लागतो. नाहीतर पुढच्या आयपीएलनंतर, म्हणजे सिस्टिम नव्याने सुरू केल्यावर, तो नाहीसा होतो, आणि तोवर तो कुणी केला होता हे कुणालाच आठवत नसते.