राणी नसलेली अर्धी पेटी

सातेरी या आपल्या देशी मधमाश्यांच्या पेटीचे विभाजन, म्हणजे एका वसाहतीच्या दोन, करायचे तर आठपैकी चार चौकटी (ज्यांत माश्या पोळे बांधतात त्या लाकडी चौकटी) उचलून दुसऱ्या पेटीत ठेवायच्या, अशी पुण्यात हौसेने पेटी पाळणाऱ्या अनेकांची समजूत असते. चौकटींची वाटणी पाच मिनिटांत उरकते. अवघड असतो तो माश्यांच्या वयाचा आणि येणाऱ्या दिवसांचा हिशोब, आणि तो चुकला की दोन वसाहती होण्याऐवजी हातातली एक अर्धी होऊन बसते.

थंड देशांतील युरोपीय मधमाशी हिवाळाभर घोळका करून साठवलेल्या मधावर तग धरते, त्यामुळे तिकडे विभाजनाचा काळ साधारण एप्रिल-मेमध्ये येतो. आपल्या सातेरीची कसोटी पावसाळ्यात लागते, कारण तेव्हा फुलेही कमी असतात आणि उडण्याजोगी उघडीपही मिळत नाही. पावसाळ्यातून तगलेली वसाहत दिवाळीच्या सुमारास सावरते आणि फेब्रुवारीपर्यंत आंब्याचा मोहोर, शेवगा आणि बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचा फुलोरा यांवर इतकी वाढते, की मोहोळ फुटायच्या बेताला येते. तसे झाले तर जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन निघून जाते. विभाजन करायचे ते त्याच्या थोडे आधी.

ती वेळ ओळखण्यासाठी मी सर्वांत आधी नरांची घरे, म्हणजे पोळ्यातील ज्या कप्प्यांत नर वाढतात ते, पाहतो. सातेरीच्या नरांच्या बंद घरांवरील टोपणाला मधोमध टाचणीने टोचल्यासारखे एक छिद्र असते, जे युरोपीय माशीच्या पोळ्यात आढळत नाही. आज बंद असलेल्या या घरांतील नर सुमारे तीन आठवड्यांनी वयात येतात, आणि आज विभाजन केले तर नवी राणीही त्याच सुमारास उड्डाणाला तयार होते. परिसरात नरच नसतील तर तिचे उड्डाण वाया जाते.

त्यानंतर अंडी शोधावीत. सकाळचे ऊन पाठीमागून खांद्यावरून पडेल असे उभे राहून चौकट किंचित तिरपी धरली, की प्रत्येक घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढरे अंडे चिकटलेले दिसते. राणी एकच असल्याने विभाजनानंतर एक पेटी राणीविना राहते आणि तिची सारी आशा या अंड्यांवर आणि त्यांतून नुकत्याच निघालेल्या अळ्यांवर असते, कारण फलित अंड्यातून कामकरी होणार की राणी, हे अळीला काय खाऊ घातले जाते यावर ठरते. पहिले सुमारे तीन दिवस सर्वच अळ्यांना कामकऱ्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारा पांढरा रस मिळतो. पुढे कामकरी होणाऱ्यांना मध आणि पराग दिले जातात, तर राणी होणारी अळी त्या रसातच वाढते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी युरोपीय मधमाशीच्या अळ्यांमधील डीएनएवर रासायनिक खुणा उमटवणारे एक विकर रोखले, तेव्हा राणीचा आहार न देताही त्यांतील बहुसंख्य अळ्यांच्या राण्या झाल्या. म्हणजे आहाराचा परिणाम जनुके चालू-बंद होण्यापर्यंत पोहोचतो. हे मला मधमाशीशास्त्रातील सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

राणीचा गंध नाहीसा झाल्याचे माश्यांना काही तासांतच कळते आणि एक-दोन दिवसांत त्या काही कोवळ्या अळ्यांची घरे लांबवून राणीघरे बांधू लागतात. अंड्यापासून राणी तयार व्हायला १५ ते १६ दिवस लागतात. कोवळी अळी निवडली गेली असेल तर ती ११-१२ दिवसांत बाहेर येते, आठवडाभरात नरांशी समागमासाठी उडते आणि परतल्यावर दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. त्या अंड्यांतून कामकरी निघायला आणखी जवळजवळ तीन आठवडे जातात. असा हा दीड महिना अर्ध्या पेटीला जुन्या पिढीवर काढायचा असतो. म्हणून तिला अंड्यांच्या चौकटीबरोबर झाकलेल्या पिल्लांच्या दोन चौकटी, त्यांवर बसलेल्या तरुण माश्यांसह, द्याव्यात आणि मध व परागाची एक चौकटही द्यावी.

बाहेर चरणाऱ्या माश्यांना पेटीची जागा पाठ असते, त्यामुळे त्या जुन्याच जागी परततात. यासाठी जुन्या राणीची पेटी बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवावी आणि राणीविना असलेली पेटी मूळ जागी ठेवावी, असे माझे मत आहे. राणी असलेली वसाहत गेलेल्या माश्यांची तूट लवकर भरून काढते.

एका वर्षी मी हे काम एप्रिलअखेरीस केले आणि नवी राणी उड्डाणाहून परतलीच नाही. महिन्याने पेटी उघडली, तर एकेका घरात तीन-चार अंडी होती आणि तीही भिंतींना चिकटलेली, कारण अंडी घालू लागलेल्या कामकरीचे पोट तळापर्यंत पोहोचत नाही. त्या अफलित अंड्यांतून फक्त नर निघाले. सातेरीत ही अवस्था लवकर येते. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे; नवख्यांनी पहिले विभाजन जाणकाराच्या देखरेखीखाली करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

तेव्हापासून मी विभाजनानंतर साधारण पंचविसाव्या दिवशी, सकाळी, एकच मधली चौकट उचलून पाहतो. घराच्या तळाशी, मधोमध, एकच अंडे दिसले की बाकीच्या चौकटींना हात न लावता झाकण बंद करतो.