इस्लामी वास्तुशैली शिकवणं वेगळं आणि इस्लामी मूल्यांवर नगररचना शिकवणं वेगळं

आपले बरेच आर्किटेक्ट आणि प्लॅनर आखातात कामाला आहेत, आणि तिकडच्या कॉलेजात इस्लामी संस्कृतीला धरून प्लॅनिंग शिकवायचंय असं कुणी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर लगेच घुमट, कमानी, जाळीच्या खिडक्या येतात. ती झाली वास्तुशैली. मूल्यांवर आधारलेली नगररचना ही दुसरीच गोष्ट आहे, आणि दोन्हींची गल्लत झाली की सगळा अभ्यासक्रमच भलतीकडे जातो.

शैलीचा कोर्स आखायला सोपा. इतिहासाचे दोनेक पेपर, इस्फहान-कैरो-फेसच्या स्लाइड्स, आणि स्टुडिओत मुलं मॉलच्या दर्शनी भागाला जाळी लावतात. सुंदर दिसतं, ते मी नाकारत नाहीये. पण प्लॅनर काही इमारत काढत नाही, तो नियम लिहितो, म्हणजे रस्ता किती रुंद, घर हद्दीपासून किती आत, प्लॉटचा आकार काय.

सौदीचंच बघा ना. जुन्या रियाधमध्ये मातीची घरं एकमेकांना खेटून असायची, मध्ये अंगण, आणि घराचं सगळं तोंड त्या अंगणाकडे. मग पूर्व किनाऱ्यावरच्या दम्माम-खोबरला अरामको या तेल कंपनीच्या काळात ग्रिड, म्हणजे सरळ रस्त्यांची चौकटी आखणी आली, रियाधला मलाझ ही तशीच नवी वस्ती झाली, १९६८ मध्ये ग्रीक प्लॅनर डॉक्सियाडिसला मास्टर प्लॅनचं काम मिळालं आणि १९७३ मध्ये तो मंजूर झाला, २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचे मोठ्ठे चौकोन. याच काळात नियम रूढ झाला की समोर रस्त्याच्या रुंदीचा पाचवा हिस्सा मोकळा सोडायचा, जास्तीत जास्त ६ मीटर, आणि बाजूला-मागे २ मीटर. म्हणजे घर आलं प्लॉटच्या मधोमध, खिडक्या चारी बाजूंना, आणि शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावरून सरळ आपल्या आवारात नजर जाते. मग लोकांनी काय केलं, तर कंपाउंडच्या भिंतीवर पत्रे आणि फायबरच्या शीट्स उभ्या केल्या! त्या व्हिलाला हव्या तेवढ्या कमानी लावा, पत्रा काही निघणार नाही, कारण दुखणं त्या २ मीटरच्या नियमात आहे. सौदी नगररचना अभ्यासक सालेह अल-हथलूल यांनी १९८१ मध्ये एमआयटीच्या पीएचडीत नेमकं हे उलगडून दाखवलं, आणि पुढे ते सौदीच्या सरकारी नगररचना खात्यातच वरच्या पदावर गेले.

आता मूल्यांची बाजू. हिचा पाया एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात आहे, ‘ला दरर वला दिरार’, कुणाला त्रास द्यायचा नाही आणि त्रासाची परतफेड त्रासानेही करायची नाही. यावर शेकडो वर्षं काझींपुढे खटले चाललेत, धूर, वास, आवाज, दुसऱ्याच्या घरात डोकावणारी खिडकी. नवव्या शतकात आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानचे काझी सहनून यांच्यासमोर एक तक्रार आली की मशिदीच्या मिनारावरून मुअज्जिनला, म्हणजे अजान देणाऱ्याला, आसपासच्या घरांच्या आत दिसतं, आणि त्यांनी त्याला वर चढायलाच मनाई केली. मशीद असली तरी शेजाऱ्याचा हक्क आधी! चौदाव्या शतकात ट्युनिसला इब्न अल-रामी नावाचा गवंडी होता, तो काझीसाठी जागेवर जाऊन पाहणी करायचा आणि त्याने असे निवाडे लिहून ठेवले. माझ्या मते स्टुडिओत पहिल्या आठवड्यात शिकवायचं तर हे शिकवावं, जाळीची नक्षी नंतर.

आणखी एक गैरसमज जाता जाता. इस्लामी शहर म्हणजे वाकड्यातिकड्या गल्ल्या, हे चित्र फ्रेंच अभ्यासकांनी मुख्यतः उत्तर आफ्रिकेच्या काही शहरांवरून रंगवलं, शहरांच्या अभ्यासक जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८७ मध्ये त्याची चांगली झाडाझडती घेतली. उलट सातव्या शतकात इराकमधलं कूफा शहर वसवताना ४०, ३० आणि २० हात रुंदीचे रस्ते आणि ७ हातांच्या गल्ल्या ठरवल्याची नोंद आहे.

पण म्हणून आज ७ हातांची गल्ली आखा असं नाही, त्यात फायर ब्रिगेडचा बंब शिरणार नाही. तेव्हा हिशोब होता लादलेले दोन उंट एकमेकांना अडवू नयेत हा, तर आज काय काय अडतंय ते मुलांनी मोजावं. रियाध, दम्मामला भाड्याच्या खोल्यांत राहणारे परदेशी कामगार आहेत, एकट्या घराबाहेर पडणाऱ्या बायका आहेत, त्यांना होणारा त्रासही त्याच तत्त्वात बसतो, आणि खासगीपणाच्या नावाखाली बाईला घरात बसवणारा प्लॅन मला तरी या मूल्यांचा वाटत नाही.

दम्मामच्या कॉलेजात शिकवलेले वास्तुअभ्यासक जमील अकबर सतत विचारतात की जागा मालकीची कुणाची, ताबा कुणाकडे, वापरतं कोण. हा प्रश्न प्रत्येक ज्युरीत, म्हणजे मुलांचं काम तपासणाऱ्या बैठकीत, आला पाहिजे. फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र शिकवणारे आणि प्लॅनिंग शिकवणारे एकाच स्टुडिओत बसवा, वक्फच्या, म्हणजे धर्मादाय कामाला कायमच्या दिलेल्या जमिनी कशा चालतात त्याचा पूर्ण पेपर ठेवा, आणि परीक्षेला एकच प्लॉट द्या, तीन शेजारी, तिघांच्या तक्रारी, आणि मुलांना सांगा की नियम लिहा, चित्र काढू नका.